गळण्यासाठी ठेवलेले छिद्र

एप्रिलच्या एका सकाळी आमच्या जुन्या ॲम्बेसेडरचे बॉनेट उघडून उभा होतो. इंजिनाच्या पुढच्या अंगाकडून बारीक खरखर येत होती. इंजिन बंद करून फॅनचे पाते धरून हलवले, तर फॅन डुलला. वॉटर पंपाचे बेरिंग गेले होते. पंप जायला लागला की आधी पाणी गळते, हे गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. आमच्या गाडीखालची फरशी मात्र कोरडी ठणठणीत होती. त्या कोरड्या फरशीचा अर्थ मला त्या वेळी लागला नाही.

गाडी 1968ची, मार्क टू. वडील कापसाच्या व्यापारात होते. आदिलाबाद, पैनगंगेपलीकडचे पांढरकवडा आणि दक्षिणेला निर्मल हा त्यांचा नित्याचा फेरा. निर्मलच्या वाटेवर महबूब घाट लागतो. उन्हाळ्यात घाट चढून आलेल्या गाड्या माथ्यावर बॉनेट उघडून उभ्या असत. वडीलही तिथे थांबत, सावलीत बसत आणि काटा खाली आल्यावरच रेडिएटरच्या टोपीला हात लावत. यंत्राला विश्रांती देणे हा त्यांच्या लेखी प्रवासाचाच भाग होता.

हे इंजिन मूळचे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे, बी-सिरीज, 1489 सीसी. 1955 साली ॲबिंग्डनच्या कारखान्यातून एमजीए ही देखणी दोन आसनी स्पोर्ट्‌स कार बाहेर पडू लागली, तिच्यातही सुरुवातीला हेच इंजिन होते. 1962पर्यंत एक लाखाहून अधिक एमजीए तयार झाल्या. तिचे जतन करणारे लोक आजही मूळ पंप उघडून पुन्हा बांधतात. तेच इंजिन ॲम्बेसेडर बनवणाऱ्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात आले, तेव्हा त्याच्या वाट्याला शर्यतीचे रस्ते आले नाहीत. सरकी, कापसाचे नमुने, लग्नाची वऱ्हाडे आणि बाळंतिणी आल्या. यंत्र तेच, धर्म निराळा. आमच्याकडच्या कामाला मी कमी प्रतीचे मानत नाही.

नवा पंप बाजारात मिळत होता. गावातल्या ज्या उस्तादांकडे गाडी नेली, त्यांनी तो हातात घेतला, जुन्या पंपाशेजारी ठेवला आणि बाजूला सारला. नव्याचे ओतकाम हलके होते, ब्लॉकला टेकणारा पृष्ठभाग खडबडीत होता. जुने बिडाचे घर पन्नासहून अधिक वर्षे तापून-निवून स्थिरावलेले. ‘‘घर चांगलं आहे, आतलं बदलू,’’ एवढेच ते म्हणाले.

मग तीन दिवस मी त्यांच्याजवळ बसून राहिलो. हब ओढून काढला, दांडा प्रेसवर दाबून बाहेर घेतला. बेरिंगांतले ग्रीस धुऊन गेले होते, गोळ्यांवर तांबूस गंज चढला होता. इम्पेलरच्या पात्यांवर क्षाराचा पांढरा थर होता. तो बोअरच्या पाण्याचा, आणि ते पाणी वर्षानुवर्षे मीच ओतले होते. कूलंट आणण्याचा आळस केला, त्याचा हिशेब त्या पात्यांवर मांडलेला होता.

उस्तादांनी पंपाचे घर पालथे केले आणि खालच्या बाजूला नखाने टोकरले. तिथे राखाडी लेप निघाला, त्यामागे एक लहान छिद्र. ‘‘गुरुजी, हे कुणी बुजवलं?’’ मागे कधी तरी दुरुस्तीत कोणी तरी गळती थांबवली होती, आणि आम्ही त्याचे समाधानाने पैसे दिले होते.

ते छिद्र बनवणाऱ्यांनी जाणूनबुजून ठेवलेले असते. सील आणि बेरिंग यांच्या मधोमध त्याची जागा. सील झिजले की पाणी बेरिंगात न शिरता त्या वाटेने खाली टपकावे आणि मालकाला वेळेवर कळावे, एवढाच त्याचा हेतू. आपली वस्तू एक दिवस झिजणार हे निर्मात्याने आधीच स्वीकारले आणि त्या झिजेला बोलण्यासाठी वाट ठेवली. अभियांत्रिकीत याहून प्रामाणिक गोष्ट मी फार पाहिलेली नाही. आम्ही गळती म्हणजेच दोष समजलो. ती तर दोषाची वार्ता होती. वार्ता बंद केली आणि दोष आत वाढत राहिला.

वडिलांच्या शेवटच्या वर्षाची मला तिथे आठवण झाली. जेवताना त्यांचा हात मध्येच थांबे. पहिल्यांदा त्यांनी दुखते असे सांगितले, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मिळून त्यांना धीर दिला: वय झाले, उन्हाळा आहे, होईल बरे. त्यानंतर ते बोलले नाहीत. विचारले की ‘‘ठीक आहे’’ म्हणत, आणि ते ऐकून आम्हाला हायसे वाटे. धीर देणे आणि गप्प करणे यांतले अंतर फार थोडे असते, हे मला त्यानंतर कळले. आपल्या घरांत सोसण्याला मान आहे आणि तो योग्यही आहे. पण ऐकणाऱ्याचे कर्तव्य सोसणाऱ्याच्या धैर्यावर सोडून देता येत नाही.

सील टेकते ती जागा उस्तादांनी लेथवर सारखी केली. नवी बेरिंगे बसवण्याआधी बिडाचे घर उकळत्या पाण्यात ठेवले. धातू प्रसरण पावला आणि बेरिंगे फार जोर न लावता बसली. कार्बनची कड असलेले सील, मग इम्पेलर. पाती आणि घर यांत अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक फट हवी. कमी असली तर घासते, जास्त असली तर पाणी नुसते घुसळले जाते. ती फट त्यांनी फीलर गेजने चारही बाजूंनी तपासली आणि एकदा सगळे पुन्हा काढून बसवले. शेवटी बारीक तार घेऊन खालचे छिद्र आरपार मोकळे केले.

ॲम्बेसेडरचे उत्पादन 2014च्या मे महिन्यात थांबले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, 2 जूनला, आमचा आदिलाबाद जिल्हा तेलंगण या नव्या राज्यात गेला. पुढे 2016मध्ये जिल्ह्याचेही चार भाग झाले. गाडी होती तिथेच आहे. पंप दुरुस्त झाल्यावर जूनमध्ये ती महबूब घाट न थांबता चढली; माथ्यावर मीच सवयीने थांबलो.

आता दर रविवारी गाडी सुरू करण्याआधी मी पंपाखालच्या छिद्रावरून बोट फिरवतो. अजून ते कोरडे आहे.