सत्तर डॉलरची वर्गणी

दरवर्षी नव्याने घ्यावयाच्या वस्तूंबद्दल मध्यमवर्गीय माणूस फारसा विचार करीत नाही. पंचांग आपण दरवर्षी नवे आणतो. भिंतीवरचे कालनिर्णय दरवर्षी नवे लावतो. डायरी दरवर्षी नवी मिळवतो. (विकत घेत नाही, मिळवतो. हा फरक बँकेत नोकरी केलेल्यांना समजावून सांगावा लागत नाही.) गेल्या वर्षीच्या पंचांगात आणि यंदाच्या पंचांगात असा काय मोठा फरक आहे, असे दुकानदाराला विचारणारा ग्राहक अजून माझ्या पाहण्यात नाही. ग्रह तेच, राशी त्याच, नक्षत्रे सत्तावीसच. काही ग्रहांनी घरे बदललेली असतात, इतकेच. तेवढ्या बदलीच्या आदेशासाठी आपण पैसे मोजतो आणि वर त्याला हळदकुंकू वाहतो.

असेच एक पंचांग अमेरिकेत निघते. त्याचे नाव 'मॅडन'. हा अमेरिकन फुटबॉलचा व्हिडिओ गेम असून तो 1990 पासून दरवर्षी न चुकता निघतो, आणि दरवर्षी न चुकता लोक म्हणतात, की ह्यात नवे काहीच नाही. म्हणतात आणि घेतात.

माझा ह्या गेमशी संबंध येण्याचे काही कारण नव्हते. पण माझी थोरली बहीण न्यू जर्सीत एडिसनला असते, तिला चौदा वर्षांचा मुलगा आहे, आणि ऑगस्ट 2025 मध्ये साठवलेली सगळी पी. एल. उधळून मी तिच्याकडे गेलो होतो. त्याच महिन्यात 'मॅडन एनएफएल 26' बाजारात आला. किंमत सत्तर डॉलर, एक सेंट कमी. (हा एक सेंट कमी करणारा माणूस जगात सर्वत्र एकच असावा. आपल्याकडे तो बाटाच्या चपलांवर काम करतो.) भाच्याने मागणी नोंदवली. ताई म्हणाली, "अरे, ह्याच्याकडे गेल्या वर्षीचा आहे, त्याच्या आदल्या वर्षीचाही आहे. दोन्ही ठणठणीत चालतात. आता तूच सांग, तू बँकेतला. पैशाचं सोड, आहेत पैसे. पण हे घेऊन देणं *बरोबर* आहे का?"

बँकेतल्या माणसाला लोक व्याजाचा दर विचारतात, फार तर केवायसीला कोणता कागद चालेल ते विचारतात. बरोबर काय, हे वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी विचारले नव्हते. त्यामुळे मी हे प्रकरण रीतसर हाती घ्यायचे ठरवले.

आधी खेळ समजून घेतला. ह्याला फुटबॉल म्हणतात, पण चेंडू बहुतेक वेळ हातात असतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकलात तर आणखी चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्याकडे. कर्जाच्या फायलीचा प्रवास असाच होतो, फक्त तिथे दहा यार्डांना चार महिने लागतात. प्रत्येक प्रयत्नाआधी सगळे थांबतात, डावपेच ठरवतात, मग काही सेकंद एकमेकांवर कोसळतात आणि पुन्हा थांबतात. बुद्धिबळाच्या दोन चालींमध्ये कुस्ती घातली की जे होईल ते हे. माझा भाचा अंगाने आमच्या घराण्याला शोभेल असाच आहे. खऱ्या मैदानावर त्याला उभा केला तर वाऱ्याच्या बाजूने उभा करावा लागेल. पण पडद्यावर तो सव्वाशे किलोची माणसे इकडची तिकडे हलवतो आणि मला म्हणतो, "मामा, बघ ना, त्यांचा सेफ्टी पुढे आलाय, म्हणजे ब्लिट्झ येणार. आता पास लवकर सोडायला हवा." आणि ब्लिट्झ येतो! एवढे पुढचे आमच्या हेड ऑफिसला दिसले असते, तर आमच्या बुडीत कर्जांचा आकडा वेगळा असता.

ह्या गेमचे खरे बळ इथे आहे, आणि ते आले कुठून ती हकीकत मला फार आवडली. जॉन मॅडन हे गृहस्थ ओकलंड रेडर्स संघाचे प्रशिक्षक होते. जानेवारी 1977 मध्ये त्यांच्या संघाने सुपर बोल जिंकला. पुढे ते टीव्हीवर समालोचन करू लागले. 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स' कंपनीचे ट्रिप हॉकिन्स त्यांच्याकडे गेमची योजना घेऊन गेले. त्या काळच्या संगणकाला पडद्यावर बावीस माणसे पेलवत नव्हती. एका बाजूला सहा-सातच घ्यावीत असे घाटत होते. मॅडनसाहेब म्हणाले, अकरा विरुद्ध अकरा नसेल तर तो फुटबॉल नव्हे. झाले, काम वर्षानुवर्षे रखडले. अखेर 1988 मध्ये ॲपल टू ह्या संगणकावर तो गेम आला, आणि आला तो अकरा विरुद्ध अकरा. नाव आपले आणि मानधन आपले असताना 'जरा कमी चालेल' न म्हणणारा माणूस विरळा. आम्ही वाणिज्य शाखेत 'नावलौकिक' नावाच्या अदृश्य मालमत्तेचे मूल्यांकन करायला शिकलो. ह्या कंपनीचा नावलौकिक म्हणजे एका जाडजूड माणसाने दिलेला नकार आहे, असे माझे मत आहे. मॅडनसाहेब डिसेंबर 2021 मध्ये वारले. डब्यावर त्यांचे नाव अजून आहे.

दुसरी मौज गुणांची. प्रत्येक खऱ्या खेळाडूला ह्या गेममध्ये नव्व्याण्णवपैकी गुण दिलेले असतात. वेग किती, ताकद किती, समज किती. कोट्यवधी डॉलर कमावणारे खेळाडू आपले गुण बघून जाहीरपणे रुसतात. मला ते मनापासून पटले. माझ्या गोपनीय अहवालात 'पुढाकार घेण्याची वृत्ती' ह्या रकान्यात बारा वर्षे 'समाधानकारक' लिहिलेले आहे. निदान मला नव्व्याण्णवपैकी किती, ते तरी कळायला हवे होते.

चुकाही गोड आहेत. 2014 साली आलेल्या अंकात क्लीव्हलँडचा एक आडदांड खेळाडू 1 फूट 2 इंच उंचीचा झाला आणि तसाच मैदानभर धावू लागला. टंकलेखनाची चूक असणार. आमच्याकडे असे झाले असते तर त्या खेळाडूकडूनच उंचीचे प्रतिज्ञापत्र मागवले असते. कंपनीने मात्र त्या चुकीचाच पुढे खेळ करून टाकला. आणखी जुन्या एका अंकात जखमी खेळाडूला न्यायला रुग्णवाहिका येई, ती वाटेतल्या धडधाकट खेळाडूंना आडवे पाडीत येई. मुले हसत. पुढे खऱ्या खेळाडूंच्या मेंदूला बसणाऱ्या धक्क्यांची चर्चा सुरू झाल्यावर 2011 च्या अंकापासून डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला त्या सामन्यात परत उतरवता येईना. म्हणजे पंचांगात थोडे धर्मशास्त्रही आले.

एवढे झाल्यावर मी तक्रारींच्या रजिस्टराकडे वळलो. 2013 साली ह्या गेमला पंचवीस वर्षे झाली म्हणून कंपनीने त्या वर्षीच्या अंकाचे नाव 'मॅडन 25' ठेवले. मग 2024 साली क्रमाने 'मॅडन 25' आला, त्याचेही नाव 'मॅडन 25'. एकाच क्रमांकाच्या दोन फायली! आमच्या शाखेत एवढ्यावर लेखापरीक्षक तीन दिवस मुक्कामाला राहिले असते. पण इथे कोणी हू की चू केले नाही. दोन्ही अंक एकच, असे तर लोकांचे आधीपासूनच म्हणणे होते.

खरी बोचणारी गोष्ट वेगळी आहे. गेमच्या आत 'अल्टिमेट टीम' नावाचे एक दालन आहे. तिथे खेळाडूंची पत्ते बंद पाकिटात मिळतात. खेळून खेळून मिळवा, नाहीतर रोख पैसे टाका. आत कोण निघेल ते फाडल्यावर कळते. लहानपणी आम्ही च्युइंगगममधले क्रिकेटपटू जमवायचो, तसलेच हे, फक्त आमच्या वेळी निदान च्युइंगगम तोंडात राहायचे. आणि पुढच्या ऑगस्टात नवा अंक आला की ही सगळी जमवाजमव मागेच राहते, नव्यात शून्यापासून सुरुवात. दर 31 मार्चला खात्यातली शिल्लक शून्यावर आणणारी बँक काढली तर तिच्यात कोण पैसे ठेवील? पण इथे ठेवतात, आणि दरवर्षी ठेवतात.

तेव्हा प्रश्न असा, की जाणूनबुजून घेणाऱ्याची फसवणूक होते का? मालविक्रीच्या 1930 च्या कायद्यातले 'ग्राहका, तूच सांभाळ' हे तत्त्व आम्हाला दहा गुणांना होते. भाचा तर पुरता सावध ग्राहक. काय बदलले, काय नाही, हे तो कंपनीपेक्षा जास्त जाणतो. मी त्याला विचारले, "तुझ्या मते ह्यांतला सगळ्यात चांगला कोणता?" त्याने क्षणाचाही विलंब न लावता चार वर्षांपूर्वीच्या अंकाचे नाव घेतले.

"मग तोच खेळ की!"

"कुणाशी?" भाचा म्हणाला.

मी गप्प झालो. घसाऱ्याची कारणे आम्ही पाठ केली होती: वापर, काळाचा ओघ आणि नवे यंत्र आल्याने जुने मागे पडणे. हे चौथे कारण पुस्तकात नव्हते. वस्तू धड आहे, झिजलेली नाही, तिच्याहून सरस दुसरी आलेलीही नाही. फक्त तिच्याभोवतीची माणसे उठून शेजारच्या खोलीत गेली आहेत. सोमवारी शाळेत जे बोलणे होते ते नव्या खोलीतले होते. काही वर्षांनी कंपनी जुन्या खोलीची ऑनलाइन वीजही तोडते. मी बँकेत लागलो तेव्हा आमच्या शाखेत एक हेडक्लार्क होते. लेजरच्या पानाची बेरीज ते बोट वरून खाली नेईपर्यंत सांगत, आणि ती चुकत नसे. मग संगणक आले. ते गृहस्थ झिजले नव्हते, त्यांची बेरीजही चुकू लागली नव्हती. त्यांना बेरीज विचारणारे कोणी उरले नाही, एवढेच. निवृत्तीपर्यंतची तीन वर्षे ते शाखेतले टाचण्यांचे डबे भरून ठेवीत.

म्हणून मी ताईला म्हटले, हे सत्तर डॉलर वस्तूची किंमत म्हणून धरूच नकोस. ही वर्गणी आहे. आपल्या सोसायटीच्या गणपतीत यंदा तोच मांडव, तोच ऑर्केस्ट्रा आणि तीच संगीत खुर्ची असणार हे ठाऊक असूनही आपण पावती फाडतो ना? गणपतीसाठी थोडी, आणि बाकीची जिन्यात भेटणाऱ्या माणसांसाठी.

"पण वर्गणीचा हिशेब मागता येतो," ताई म्हणाली. "आणि नाही पटलं तर लोक दुसरं मंडळ काढतात."

ताई माझ्याहून हुशार आहे, हे आमच्या घरात 1985 पासून मान्य आहे. नेमके हेच इथे घडत नाही. 2004 साली एका प्रतिस्पर्धी कंपनीने असाच गेम वीस डॉलरला, एक सेंट कमी, विकायला काढला. 'मॅडन'लाही आपला भाव तीसवर आणावा लागला. जुने खेळाडू त्या वीस डॉलरवाल्याचे नाव आजही हळवे होऊन काढतात. त्याच डिसेंबरात 'मॅडन'वाल्या कंपनीने खरे संघ आणि खरे खेळाडू वापरून असा गेम काढण्याचा हक्क फुटबॉल संघटनेकडून एकट्याने घेतला. दुसरे मंडळ संपले. ग्राहकांनी दावा लावला, पुढे 2 कोटी 70 लाख डॉलरवर तडजोड झाली, हक्क मात्र राहिला. मक्तेदारीविरुद्धचा आपला 1969 चा कायदा मी कलमांसकट पाठ केला होता. तो 2009 साली मोडीत निघाला, त्यामुळे ह्या विषयावर अधिकाराने बोलण्याची माझी सोय राहिलेली नाही. पण एवढे मला दिसते, की मुलाला मुलांत राहायचे आहे ही गोष्ट कंपनीने निर्माण केलेली नाही. तिने फक्त त्या दारात टेबल टाकले आहे आणि शेजारी दुसरे टेबल लागू दिलेले नाही. हात पोराकडे पसरणे मला तितकेसे गैर वाटत नाही. दुसरे दार बंद करून पसरणे वाटते.

पण त्याचा दंड चौदा वर्षांच्या मुलाने का भरावा? नोव्हेंबरात ह्याच डब्याची किंमत उतरते, तोवर थांबू, असा मध्यममार्ग मी सुचवून पाहिला. भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, नोव्हेंबरपर्यंत अर्धा सीझन संपतो." वर्गणी गौरीविसर्जनानंतर दिली तर पावती मिळते, प्रसाद मिळत नाही.

शेवटी मी रीतसर मंजुरीपत्र तयार केले. मूळ रक्कम मंजूर. पाकिटांसाठी एक सेंटही मंजूर नाही, आणि त्या दालनात घराचे कोणतेही कार्ड नोंदवले जाणार नाही. जुना अंक विकायचा नाही. मामा असेपर्यंत रोज एक सामना त्यावर मामाशी खेळायचा. भाच्याने तारीख घालून सही केली. साक्षीदार म्हणून भावजींना बोलावले. हे सगळे चालू असताना भावजी पेपरातून डोके वर काढीत नव्हते. ते न्यूयॉर्क जेट्सचे भक्त आहेत. हा संघ नावाने न्यूयॉर्कचा आणि खेळायला न्यू जर्सीत. पुण्यात राहतो असे सांगून तळेगावला उतरणाऱ्यांसारखा. जानेवारी 1969 मध्ये सुपर बोल जिंकल्यावर त्यांनी पुन्हा त्या सामन्याचे तोंड पाहिलेले नाही.

भावजींनी चष्मा लावून सगळी कलमे वाचली, सही ठोकली, आणि पेन परत देता देता मुलाला हळूच विचारले, "काय रे, यंदा जेट्सना किती दिलेत?"

"कमीच आहेत, बाबा."

"गेल्या वर्षीपेक्षा?"