लंपन आणि दगडू

मूल निरागस राहायचं तर आधी कुणीतरी त्याला राखावं लागतं. प्रकाश नारायण संतांचा लंपन आणि दया पवारांच्या ‘बलुतं’मधला दगडू एकामागोमाग वाचले की हे फार टोचतं. एक कथामालिका, दुसरं आत्मकथन. पण दोन्ही आपण कादंबरीसारखीच वाचतो, आणि दोन्हींत एक मुलगा आपलं माणूस शोधतो आहे.

‘वनवास’पासून ‘झुंबर’पर्यंतच्या चार पुस्तकांत लंपन आईवडिलांपासून दूर, बेळगावकडे आजी-आजोबांपाशी वाढतो. आपल्याला इथं का ठेवलं, हे त्याला उमगत नाही. मोठ्यांचं बोलणं त्याच्या कानावर अर्धमुर्धं पडतं, मग तो भलतेच आकडे ठोकून देत जगाचा हिशेब मांडतो. त्याला न कळलेलं आपल्याला कळतं, आणि तिथंच संत आपल्याला हलवून सोडतात. पुढं वडील जातात, तेव्हा त्याचं दुःख लहान नसतंच. पण आजी कितीही रागावली तरी संध्याकाळी त्याचं ताट वाढलेलं असतं.

दगडूचं गाव अकोले तालुक्यातलं धामणगाव. कळसूबाई आणि भंडारदरा याच तालुक्यात. पावसाळ्यात तिथं पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. ‘बलुतं’मधला अकोले तालुका त्या गाड्यांतून दिसत नाही. मुंबईतली कावाखाना ही वस्ती आणि गावचा महारवाडा यांत दगडूचं लहानपण वाटलं गेलं आहे. वडील गोदीत कामाला, दारूच्या आहारी गेलेले, आणि लवकरच गेलेले. मागं आई राबते. मेलेलं जनावर ओढायला, मयताचा सांगावा न्यायला गावाला हे घर हवं असतं. भाकर मात्र दारात उभं राहून मागायची. कुठल्या पाण्याला हात लावायचा नाही, हे या मुलाला प्रश्न पडण्याआधीच शिकवलेलं असतं. त्याला भाबडं राहणं परवडणार कसं? पुढं तो संगमनेरला बोर्डिंगात राहून शिकतो, पण जात तिथंही त्याच्या आधी पोचलेली असते.

म्हणून पवारांनी केलेली रचना मला फार मोलाची वाटते. त्यांनी मुलाचा आवाज काढला नाही. शिकलेला, शहरात स्थिरावलेला दया पवार बसून ऐकतो आणि दगडू मारुती पवार सांगतो. इथं जास्त कळतं ते दगडूला. 1978 साली ‘ग्रंथाली’नं हे पुस्तक काढलं, तेव्हा त्यातलं जग ठाऊक नसलेला पांढरपेशा वाचकच अजाण ठरला. संतांचं गद्य अधिक लोभस आहे, यात शंका नाही. पण मराठीत बालपण म्हटलं की पहिल्यांदा लंपनच आठवावा, हे मला खटकतं. ज्याचं बालपण राखायला घरच पुरं पडलं नाही, त्याचंही ते बालपणच होतं.

दोन्ही लेखकांच्या नावांतही आपल्या माणसाचा हा शोध उरला आहे. संत आजोळी दत्तक गेले आणि कागदोपत्री भालचंद्र गोपाळ दीक्षित झाले. लिहिताना मात्र त्यांनी जन्मदात्या वडिलांचं, नारायण संतांचं नाव लावलं. पवारांनी उलट केलं. लेखक म्हणून ते ‘दया’ झाले होते. टाकून दिलेला ‘दगडू’ त्यांनी पुस्तकात बोलावून घेतला, समोर बसवला आणि त्याला बोलू दिलं.