लिलीच्या वाफ्यातला अभाव

लिलीचा बहर ओसरून पाने पिवळी पडली की वाफ्यात उघडी माती दिसू लागते आणि 'येथे लिली नाही' असे ज्ञान होते. या ज्ञानाचा विषय नेमका कोणता, हा प्रश्न भारतीय तर्कशास्त्राने 'भूतलावर घट नाही' या ठरावीक उदाहरणाच्या आधारे शतकानुशतके चर्चिला आहे. लिलीचा वाफा त्या चर्चेला घटापेक्षा अधिक उपयोगी पडतो. घट उचलून नेला की जमिनीवर त्याचे काही उरत नाही. लिलीचा कंद मात्र त्याच मातीत असतो.

महाराष्ट्रातल्या बागांत लिली म्हणून लावल्या जाणाऱ्या बहुतेक वनस्पती लिलियम या खऱ्या लिलीच्या प्रजातीतल्या नाहीत. मे महिन्यात शंभराहून अधिक बारीक फुलांचा लाल गोळा घेऊन वर येणारी फुटबॉल लिली आणि कर्ण्यासारख्या मोठ्या फुलांचे हिप्पिएस्ट्रम या ॲमरिलिडेसी कुलातल्या. श्रावण-भाद्रपदात फुलणारी, कोकणात गौरीच्या पूजेत मान असलेली कळलावी कोल्चिकेसी कुलातली. फुटबॉल लिलीची पाने पावसाळाभर वाढतात आणि हिवाळ्यात वाळतात. मग मेपर्यंत जमिनीवर काहीच नसते. कळलावीचा वेल पाऊस संपल्यावर वाळतो आणि पुढच्या पावसापर्यंत तिचा कंद निजून राहतो. वाफ्यातली पोकळी ती या काळातली.

या पोकळीविषयी तीन मते संभवतात. प्रभाकराच्या अनुयायी मीमांसकांच्या मते अभाव नावाचा वेगळा पदार्थच नाही. रिकामे भूतल दिसते, तेवढेच खरे. 'नाही' हे त्या दिसण्याचेच दुसरे वर्णन. कुमारिल भट्ट अभाव मानतो, पण तो डोळ्यांनी कळतो असे मानत नाही. त्याच्यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र, सहावे प्रमाण आहे. नैयायिकांच्या मते अभाव खरा आहे आणि तो प्रत्यक्षानेच कळतो. कणादाच्या परंपरेत मुळात सहाच पदार्थ मोजले जात. अभाव हा सातवा म्हणून पुढे स्थिरावला. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात ही सातांची यादी ग्रंथारंभीच येते. आठल्ये-बोडस यांची त्या ग्रंथाची आवृत्ती १८९७ साली मुंबईत निघाली आणि संस्कृत शिकणाऱ्यांच्या अनेक पिढ्यांच्या हाती राहिली.

अभाव मानणाऱ्या दोन्ही पक्षांनी घातलेल्या दोन अटी बागेच्या दृष्टीने फार मोलाच्या आहेत. पहिली प्रतियोगीची. अभाव नेहमी कशाचा तरी असतो आणि ज्याचा अभाव, तो प्रतियोगी आठवल्याशिवाय अभावाचे ज्ञान होत नाही. ज्याने मेमधला लाल गोळा पाहिलाच नाही, त्याला जानेवारीत त्या जागी लिलीचा अभाव दिसत नाही, फक्त माती दिसते. दुसरी अट योग्यतेची. वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती, अशी स्थिती असेल तरच न दिसण्यावरून ती नाही असे ठरते. फुलाच्या बाबतीत ही अट पुरी होते, कारण फूल असते तर ते दिसलेच असते. कंदाच्या बाबतीत ती पुरी होत नाही. कंद असूनही दिसणार नव्हताच. म्हणून उघड्या मातीवरून 'फूल नाही' हे ज्ञान यथार्थ आणि 'येथे काहीच नाही' हा भ्रम. बागेतले कितीतरी कंद या भ्रमापायी कुदळीखाली जातात.

अभावाचे चार प्रकार सांगितले जातात: प्रागभाव, प्रध्वंसाभाव, अत्यंताभाव आणि अन्योन्याभाव. उत्पत्तीपूर्वीचा प्रागभाव अनादी असतो, पण त्याला अंत असतो. वस्तू उत्पन्न झाली की तो संपतो. नाशानंतरच्या प्रध्वंसाला आरंभ असतो, पण अंत नसतो. बहरानंतरच्या वाफ्यात हे दोन्ही अभाव एकाच जागी नांदतात. यंदा कोमेजलेल्या फुलाचा प्रध्वंस तेथे आहे आणि तो कधीच भरून निघणार नाही. पुढच्या वर्षी येईल ते फूल दुसरे असेल. त्या दुसऱ्या फुलाचा प्रागभावही तेथेच आहे. दिसायला दोन्ही अगदी सारखे, उघडी मातीच. पण हळहळ वाटते ती पहिल्याची, आणि मशागत होते ती दुसऱ्याची. कळलावीत हा भेद कंदापर्यंत जातो. जुना कंद त्या हंगामात झिजून संपतो आणि त्याच्या जागी नवा, बहुधा दोन फाट्यांचा, कंद तयार होतो. 'तीच कळलावी पुन्हा आली' हे म्हणणे म्हणूनच वाटते तितके सरळ नाही. हिमालयातली कार्डिओक्रायनम ही उंच लिली तर काही वर्षे वाढून एकदाच फुलते आणि मुख्य कंद मरतो. मागे राहतात ती त्याची पिल्ले.

सांख्यांना हा सारा हिशेबच मान्य नाही. त्यांच्या सत्कार्यवादानुसार कार्य उत्पत्तीपूर्वीही कारणात अव्यक्त रूपाने असते, तेव्हा फुलाचा प्रागभाव म्हणण्यात अर्थ नाही. हिप्पिएस्ट्रमचा कंद उभा चिरला तर आत पुढच्या बहराच्या सूक्ष्म कळ्या कित्येक महिने आधी बसलेल्या आढळतात, आणि सांख्यांची बाजू एकदम भक्कम वाटू लागते. नैयायिकाचे उत्तर असे की कळीचा अंकुर म्हणजे फूल नव्हे; फूल आधीच असेल तर खतपाण्याचा खटाटोप कशाला? अभिव्यक्तीसाठी, असे सांख्य म्हणतो. मग ती अभिव्यक्ती आधी होती की नव्हती, हा प्रतिप्रश्न उरतोच. होती म्हटले तर खटाटोप व्यर्थ, नव्हती म्हटले तर असत्कार्य पदरात पडते. या कोंडीतून सांख्याची सुटका होत नाही. कंदातली कळी त्याच्या मताला शोभा आणते, पुरावा देत नाही.

पोकळी भरण्याच्या प्रश्नाला येथूनच दिशा मिळते. लिलीच्या जागी झेंडू लावल्याने लिलीचा अभाव दूर होत नाही. झेंडू म्हणजे लिली नव्हे, एवढ्या अन्योन्याभावाची मात्र भर पडते. भरते ती नजर. त्यात गैर काही नाही, फक्त प्रागभाव संपवणारी सामग्री, म्हणजे कंद, शाबूत राहिली पाहिजे. पाने पिवळी होईपर्यंत ती कापू नयेत, कारण कंदात साठणारे अन्न त्यांच्याकडूनच येते. झेंडूला, पिटुनियाला रोज पाणी लागते आणि निजलेला कंद त्या ओलीने कुजतो. थोड्या पाण्यावर निभावणारा, उथळ मुळांचा चिनी गुलाब त्या मानाने बरा. त्याहून बरे म्हणजे शेवंतीच्या किंवा झेंडूच्या कुंड्या विटांवर टेकवून त्या जागी ठेवणे आणि मे लागताच उचलणे. कंदाच्या जागी नावाची पाटी खोचून ठेवावी. प्रतियोगीची आठवण देण्याचे काम ती करते, आणि वाफा खणणारा माणूस बहुधा लावणाऱ्यापेक्षा वेगळा असतो.