आठ रात्रींचा हिशेब

"मामा, एकदा बघा की हे," म्हणत भाचीनं वहीचं पान माझ्यापुढे ठेवलं. पानावर सात शहरं होती: पॅरिस, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, झुरिक, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम. सगळा प्रवास रेल्वेनं. हाताशी रात्री आठ. दोन शहरांमधल्या प्रत्येक बाणावर तिनं गाडीचे तास लिहिले होते आणि ते बरोबर होते. पॅरिस ते ब्रुसेल्स दीड तासाच्या आत, ब्रुसेल्स ते ॲमस्टरडॅम सुमारे दोन, तिथून झुरिकला आठेक तास, झुरिक ते व्हेनिस साडेसहाच्या आसपास, व्हेनिस ते फ्लॉरेन्स सव्वादोन, फ्लॉरेन्स ते रोम दीड. अक्षर सुबक, रकाने सरळ. बाण मोजताना मला मात्र वाईट वाटायला लागलं. तीन वर्षं पैसे साठवून ती निघाली होती आणि या पानानं तिची निम्मी सहल आधीच खाऊन टाकली होती.

मी पेन्सिल घेतली. गाडीचे तास मिळून बावीसच्या घरात जात होते. पण हॉटेलपासून हॉटेलपर्यंतचा प्रवास गाडीच्या तासांपेक्षा बराच लांब असतो. बॅगा भरायच्या, खोली सोडायची, नकाशा बघत स्टेशन गाठायचं, फलाट शोधायचा, डबा शोधायचा. पलीकडे उतरल्यावर पुन्हा तेच उलट क्रमानं. अनोळखी गावात याला अडीच तास धरावेत, त्याहून कमी धरू नयेत. असे सहा बाण, म्हणजे पंधरा तास. बावीस आणि पंधरा, सदतीस. आठ दिवसांतले जागेपणीचे तास एकशे बारा धरले तर त्यांतला एक तृतीयांश फक्त जागा बदलण्यात जात होता. शिवाय युरोपातल्या पुष्कळ हॉटेलांत सकाळी दहा-अकराला खोली सोडावी लागते आणि नवी खोली दुपारी दोन-तीनच्या पुढे हाती येते. मधल्या वेळात माणूस बेघर असतो. सामान स्टेशनच्या लॉकरमध्ये आणि लक्ष त्या लॉकरच्या किल्लीत.

आपल्या भाषेत अंतर मोजायचा एक जुना शब्द आहे, मजल. तो अरबीतल्या 'मंझिल'वरून आला. मंझिल म्हणजे उतरण्याची जागा. घोड्यावरून, उंटावरून जिथं खाली उतरायचं, ती. मराठीत त्याच शब्दानं एका दिवसाची चाल सांगितली जाऊ लागली. 'मुक्काम'ही अरबीच, थांबण्याचं ठिकाण. आपल्या पूर्वजांनी प्रवासाचं माप म्हणून थांबण्याचे शब्द उचलले, याचं मला फार अप्रूप वाटतं. पल्ला किती, हे जनावराच्या आणि माणसाच्या दमावर ठरे. आणि दम कुठं संपतो, तिथं पाणी आणि सावली आहे का, हे आधी पाहावं लागे. भाचीच्या पानावर मजला होत्या, मुक्काम नव्हते. शहराचं नाव लिहिलं की तिथं आपण राहिलो, असं ते पान गृहीत धरत होतं.

प्रवासाच्या नियोजनाचं सगळ्यात शहाणं उदाहरण आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या दारातून दरवर्षी जातं. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघते आणि सुमारे अडीचशे किलोमीटर चालून, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी करत पंढरपूरला पोचते. या सोहळ्याला आजची शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी लावून दिली. त्या वेळापत्रकाकडे एकदा प्रवास आखणाऱ्याच्या नजरेनं पाहावं. पुण्यात दोन मुक्काम. मग सगळ्यात अवघड दिवस, दिवेघाट चढून सासवड, तीसएक किलोमीटर. आणि त्या दिवसाच्या पाठोपाठ सासवडला पुन्हा दोन मुक्काम. घाट चढलेल्या पायांना दुसऱ्या सकाळी निघायला लावायचं नाही, हे आखणाऱ्यानं कागदावरच ठरवून टाकलं. पुढे एखाद्या वर्षी तिथी वाढली किंवा तिचा क्षय झाला तर लोणंदचा मुक्काम कमीजास्त होतो आणि सगळा हिशेब पुन्हा आषाढी एकादशीला येऊन जुळतो. म्हणजे चूक सामावून घेणारी एक जागा मध्येच राखून ठेवली आहे. दिवसाच्या आतही तसंच: सकाळचा विसावा, दुपारचा नैवेद्य, संध्याकाळचा विसावा, समाजआरती. लाखो माणसं पायी चालतात आणि ठरल्या दिवशी वाखरीला पोचतात, याचं कारण भक्ती आहेच, पण त्या भक्तीला कुणीतरी पायांचा हिशेब घालून दिला आहे. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी तर महिनाभर चालत आपल्या सोलापूर शहरातूनच पंढरीकडे जाते. रस्त्याच्या कडेला उभं राहून आपण पाणी वाटतो. ते वेळापत्रक वाचायला आपण फारसं शिकलो नाही.

याच्या अगदी उलट टोकाचं वेळापत्रक जगप्रसिद्ध आहे. ज्यूल व्हर्नच्या 'ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा'मधलं. लंडन ते सुएझ सात दिवस, सुएझ ते मुंबई तेरा, मुंबई ते कलकत्ता रेल्वेनं तीन, तिथून हाँगकाँग तेरा, योकोहामा सहा, सॅन फ्रान्सिस्को बावीस, न्यूयॉर्क सात, लंडन नऊ. बेरीज बरोबर ऐंशी. एकही दिवस मोकळा नाही. क्लबातले मित्र वादळाची, अपघाताची शंका काढतात, तेव्हा नायक फिलियस फॉग सांगतो की तेही धरलेलं आहे. ते कुठल्या रकान्यात धरलंय, हे मात्र दिसत नाही. आणि हे वेळापत्रक पहिल्यांदा उसवतं ते आपल्याच देशात, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेवर. खानदेश ओलांडून गाडी पुढे जाते आणि रानात थांबते, कारण पुढचे पन्नास मैल रूळच टाकलेले नाहीत. वर्तमानपत्रात मात्र मार्ग पूर्ण झाल्याची बातमी होती. फॉगला हत्ती विकत घ्यावा लागतो.

प्रत्यक्षात मुंबई-कलकत्ता मार्ग 1870 मध्येच जोडला गेला होता आणि कादंबरीतला प्रवास 1872 चा. म्हणजे व्हर्नचा तो खंड कल्पित होता. आपल्या सोलापूरचा खंड मात्र खरा होता. याच कंपनीची गाडी सोलापूरला 1860 मध्ये आली आणि बोरघाटातला लोहमार्ग खुला झाला 1863 मध्ये. मधली तीन वर्षं सोलापूरहून मुंबईला निघालेला माणूस खंडाळ्यापर्यंत रुळांवरून जाई, मग पालखीतून, तट्टावरून किंवा पायी घाट उतरून खोपोलीला पुन्हा गाडी धरी. नकाशावर दोन्हीकडे रेल्वे होती. माणसाच्या अंगावर मधला घाट होता. मला वाटतं, प्रत्येक वेळापत्रकात असा एक बोरघाट असतो. दोन गाड्यांच्या वेळा छापलेल्या असतात आणि मधला उतार कुणीच छापत नाही.

तो उतार कसा मोजायचा, हे इकडच्या जुन्या माणसांना कुर्डुवाडीनं शिकवलं. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी छोटी गाडी 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, 1906 मध्ये पंढरपूरला पोचली आणि 1927 मध्ये मिरजेला. रुंद रुळांवरून आलेल्यानं कुर्डुवाडीला उतरायचं आणि छोट्या गाडीत बसायचं. मोठी गाडी उशिरा आली तर छोटी निघून गेलेली. म्हणून निघतानाच अलीकडची गाडी धरायची, बरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्यायची, आणि फलाटावरचे दोन तास प्रवासातच जमा धरायचे. आता सगळं रुंद झालं आणि ती सवय गेली. भाचीच्या पानावर एके ठिकाणी दोन गाड्यांमध्ये चौदा मिनिटं होती, तिकिटंही वेगवेगळी. पहिली गाडी वीस मिनिटं उशिरा आली की दुसरीचं स्वस्त तिकीट गेलं, आणि ऐनवेळचं नवं तिकीट कितीतरी महाग. कुर्डुवाडी पाहिलेल्या माणसानं ही चौदा मिनिटं लिहिली नसती.

गाड्या एकमेकींची वाट पाहतील अशी व्यवस्था जगात कुठं असेल तर ती स्वित्झर्लंडमध्ये आहे आणि तिच्यामागचा विचार मला फार सुंदर वाटतो. 1982 पासून तिथं दर तासाला त्याच मिनिटाला गाडी सुटते. 1987 च्या डिसेंबरमध्ये लोकांनी मतदान करून 'रेल 2000' ही योजना मंजूर केली. तिचं सूत्र असं: गाडी शक्य तितकी वेगवान करायची नाही, गरजेपुरती करायची. झुरिक ते बर्न हा प्रवास एका तासाच्या किंचित आत बसला, तर दोन्ही स्टेशनांत चहूकडच्या गाड्या तासाच्या ठोक्याच्या थोडं आधी जमतील आणि थोडं नंतर पांगतील. त्यासाठी नवा मार्ग बांधला. तो डिसेंबर 2004 मध्ये सुरू झाला आणि प्रवास छप्पन मिनिटांवर आला. याहून कमी करायची कुणाला घाई नव्हती, कारण लवकर पोचून फलाटावरच थांबायचं होतं. त्यांनी आधी भेटीची वेळ ठरवली आणि तिच्यावरून वेग काढला.

आम्ही मग तसंच केलं, आधी मुक्काम ठरवले. उत्तरेकडची तीन शहरं आणि व्हेनिस गेली. पॅरिसवर रेघ मारताना भाचीचा हात थांबला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्यात काहीच वेडेपणा वाटला नाही. "मामा, आपण काय परत परत जाणार आहोत?" सोलापुरातून हा प्रश्न खराच आहे. याच भावनेपोटी आपल्याकडचे हजारो आईवडील चौदा दिवसांत नऊ देश करून आले आणि त्यांना नावं ठेवायला मी धजत नाही. भाषा येत नाही, शाकाहारी जेवण मिळेल की नाही ठाऊक नाही, अशा माणसांना मराठी सहल कंपन्यांनी जगाच्या दारात तरी नेलं. पण तिथं बस, सामान, जेवण, खोली यांचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर असतो. स्वतःच्या पायांनी आणि रेल्वेनं जायचं तर त्या भाराची किंमत दिवसातूनच वळती होते. मी तिला एवढंच विचारलं की पॅरिसमध्ये तू किती तास असणार होतीस. तिनं मोजले. झोप सोडून अकरा.

नवं पान असं झालं. मुंबईहून थेट विमानानं झुरिक, विमानतळाखालच्याच स्टेशनातून तासाभरात लुझर्न, तिथं तीन रात्री. बुधवारी सत्तावन्न किलोमीटरच्या गोटहार्ड बोगद्यातून मिलान, तिथं दीड तासाचं कुर्डुवाडी, मग फ्लॉरेन्स, दोन रात्री. शुक्रवारी रोम, तीन रात्री, आणि रोमहूनच परतीचं विमान. ज्या शहरात उतरलो तिथंच परत यायचा हट्ट सोडला की एक अख्खा दिवस वाचतो. बाण सहाचे दोनवर आले.

व्हिसाचा नियमही गंमत म्हणजे मुक्कामच मोजतो. शेंगेन देशांपैकी ज्या देशात जास्त दिवस, त्याच्याकडे अर्ज. दिवस सारखे असतील तर जिथं पहिलं पाऊल, त्याच्याकडे. इटलीत पाच रात्री, स्वित्झर्लंडमध्ये तीन, म्हणून अर्ज इटलीचा. वार पाहणंही राहिलं होतं. जुन्या पानावर फ्लॉरेन्स सोमवारी होतं आणि उफिझी संग्रहालय सोमवारी बंद असतं. नव्या पानावर ते गुरुवारी आलं. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद, म्हणून ती शनिवारी. अनेक दिवसांचा रेल्वे पास घ्यावा का, यावर बराच वेळ गेला. रोज गाडी बदलणाऱ्याला तो परवडतो, पण इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असूनही जागेचं आरक्षण सक्तीचं आणि त्याचे पैसे वेगळे. मोजकेच लांबचे टप्पे असतील तर लवकर काढलेली सुटी तिकिटंच बरी. इटलीत रेल्वेचे संप होतात, ते आधी जाहीर होतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत ठरावीक गाड्या सुरू ठेवाव्या लागतात. हे तिनं पानाच्या समासात लिहून घेतलं.

शेवटी मी पानाच्या वर आणि खाली बोट ठेवलं. तिची सहल मुंबईच्या विमानतळावर सुरू होऊन तिथंच संपत होती. सोलापूर ते मुंबई साडेचारशे किलोमीटर कुठंच नव्हते. सिद्धेश्वर एक्सप्रेसमधली जाण्याची एक रात्र, येण्याची एक, उन्हाळ्यात साडेतीन तासांनी मागे गेलेलं आणि पुन्हा पुढे आलेलं घड्याळ, आणि बुधवारी सकाळी स्टेशनवरून थेट कामावर. तिनं वर एक रकाना वाढवला: शुक्रवार रात्र, सिद्धेश्वर. खाली दोन वाढवले. मंगळवार रात्र, सिद्धेश्वर. बुधवारपुढे ती थोडी थांबली, कामाची तारीख खोडून गुरुवारवर नेली, आणि मुक्कामाच्या रकान्यात लिहिलं: सोलापूर.