वेलाखाली पडलेले मणी



ऑक्टोबरच्या छाटणीला चार महिने झाले की दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांची तोडणी सुरू होते. पेठ-सुरगाण्याकडून आलेले मजूर घड कापतात, बारीक व तडकलेले मणी कात्रीने काढून टाकतात. चांगला माल निर्यातीला जातो. वेलाखाली मण्यांचा सडा उरतो. तो कोणाचा?

व्यवहाराने पाहिले तर बागायतदाराचा. जमीन, औषधे, कर्ज सारे त्याचेच. एका गारपिटीत त्याचे वर्ष बुडते. त्याने हिशेब ठेवला म्हणून त्याला कंजूष म्हणू नये.

एकदा आमच्या बागेत एका मजूर बाईने खाली पडलेले मणी वेचून ओच्यात घेतले. "विचारल्याशिवाय न्यायचे नाही," असे म्हणून मी ते तिला परत क्रेटमध्ये टाकायला लावले. संध्याकाळी त्याच मण्यांत साखर व लिंबू घालून मी कढईत जॅम आटवला आणि दुसऱ्या दिवशी एक बाटली तिला दिली. तिने मान खाली घालून ती घेतली. मला मात्र आपण दानधर्म केल्याचे समाधान वाटले.

पुढे लेवीयच्या पुस्तकातील 19 वा अध्याय वाचताना थबकले. मळा पार झाडून नेऊ नये, गळलेली फळे वेचू नयेत, ती गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावीत, असा तिथे नियम आहे. शेजाऱ्याच्या मळ्यात पोटभर खावे, पण भांड्यात भरून नेऊ नये, असेही अनुवाद सांगतो. म्हणजे मालकाचा हक्क शास्त्राला मान्य आहे. पण गळलेल्या मण्यांपाशी तो हक्क संपतो. तिथे 'गरिबाला दे' असे म्हटलेले नाही, 'तू घेऊ नकोस' असे म्हटले आहे.

हा फरक लहान नाही. देताना आपला हात वर असतो, घेणाऱ्याचा खाली. राहू दिलेले मात्र माणूस स्वतः वेचतो, त्याला कोणाचे आभार मानावे लागत नाहीत. म्हणून बवाजाने रूथच्या हाती धान्य दिले तरी तेवढ्यावर तो थांबला नाही. तिच्यासाठी मुद्दाम कणसे गळू द्या व तिला धमकावू नका, असे त्याने गड्यांना बजावले.

त्या बाईचेच मी आधी काढून घेतले आणि मग तिलाच दान दिले. बाटलीत साखर माझी होती, मणी तिचे होते.

आपल्यापैकी साऱ्यांची बाग नाही. पण घरी कामाला येणारी बाई आहे, दारात भाजीवाली आहे. तिच्याशी शेवटच्या रुपयापर्यंत घासाघीस करून नाताळला तिलाच साडी देताना आपण नक्की काय देतो? या आठवड्यात एवढा विचार करू या.