पाय कुठे आहेत?

बस इथे. चहा नंतर. परवाच्या कार्यक्रमाचं हे तुझं चित्रण बघ आणि मला सांग, हिचे पाय कुठे आहेत?

तत्कार चालू आहे. दुगुनीतून चौगुनीत गेलीय, घुंगरं ऐकू येताहेत, आणि पडद्यावर काय? नाक आणि कपाळावरचा घाम! तत्काराला चेहऱ्यावर झूम करणारा तू पहिलाच. आणि गतभावात, सगळा खेळ डोळ्यांचा, तिथे साहेब मागे सरकले. अख्खा रंगमंच दाखवलास, विंगेतल्या खुर्चीसकट. एवढी वर्षं माझ्याकडे कथक शिकतोयस की नुसती फी भरतोयस?

‘ताई, कॅमेरा ऑटोवर होता’ हे मला ऐकवू नकोस. तिथेच तर माती खाल्लीस. मागे काळा पडदा, मध्ये प्रकाशझोतात ती एकटी. यंत्र बिचारं सगळ्या चौकटीतल्या उजेडाची सरासरी काढतं. काळं जास्त दिसलं की त्याला वाटतं अंधार आहे, मग ते उजेड वाढवतं. झालं! चेहरा चुना फासल्यासारखा पांढराफटक. भुवई दिसत नाही, मग भाव कुठून दिसणार? तुझ्या हँडीकॅमच्या मेनूत स्पॉटलाइटची सोय आहे. मेनू उघडायचे कष्ट कुणी घ्यायचे, मी?

फोकसची तीच रड. चक्कर घेत ती पुढे आली की भिंग चाचपडायला लागतं, आणि चित्र स्पष्ट होईतो सम येऊन गेलेली. या छोट्या कॅमेऱ्यात वाइड ठेवलं की पुढचं-मागचं बहुतेक सगळं स्पष्टच राहतं. तालमीत एकदा हाताने फोकस लावायचा आणि त्याला हात लावायचा नाही. तालमीला होतास ना? समोसे खात होतास, पाहिलंय मी.

आवाजाबद्दल तर बोलायलाच नको. नुसता लेहरा असताना प्रेक्षकांतला खोकला मोठा, आणि तबल्यावर थाप पडली की सारंगी गायब. ध्वनिव्यवस्थेच्या माणसाकडे मिक्सरमधून एक वायर मागितली असतीस, तर तो नाही म्हणाला नसता.

आणि कॅसेट! मिनीडीव्हीत ६० मिनिटं मावतात, कार्यक्रम दीड तासाचा, पत्रिकेवर छापलेलं. तिहाईच्या तिसऱ्या पल्ल्यात टेप संपली. मधे निवेदिका इतका वेळ बोलली (तिलाही मी सांगणार आहे), तेव्हा बदलली असतीस तर काय बिघडलं असतं?

हॉलिवूडचा फ्रेड अस्टेअर १९३०च्या दशकापासून अडून बसायचा, की नाचताना डोक्यापासून पायापर्यंत अख्खा देह चौकटीत हवा आणि कापाकापी कमीत कमी. नाच कळणाऱ्या माणसाचा हट्ट होता तो. आपल्याकडे सत्यजित राय यांनी बालासरस्वतींवर ‘बाला’ केला १९७६ मध्ये, त्या साठीकडे झुकल्यावर. ऐन उमेदीतल्या बालासरस्वती पडद्यावर फारशा उरलेल्याच नाहीत. म्हणून तर तुला कॅमेरा घेऊन उभं केलं होतं. महोत्सववाले हिचं चित्रण मागताहेत, त्यांना हे पाठवू?

महिनाअखेरीला ती पुन्हा नाचणार आहे. तोवर रोज तालमीला यायचं, रिकाम्या हाताने. सगळ्या बंदिशी लिहून काढ, ती कुठे पुढे येते, कुठे बसते, सम कुठल्या कोपऱ्यात घेते, सगळं. ट्रायपॉड मी मागवते.

आणि याच्या सीड्या कुणाकुणाला वाटल्यास? तिच्या आईलाही? जा, आधी तिच्याकडची सीडी परत घेऊन ये.