वाचनालयाचा आपद्धर्म

ज्ञानकार्यासाठी केलेली चोरी ही चोरी ठरते काय? असे उघड विचारले तर कोणीही सभ्य गृहस्थ 'ठरते' असेच उत्तर देईल. परंतु वाचनालयाच्या कार्यकारी मंडळापुढे हाच प्रश्न वेष पालटून येतो आणि मग त्याची ओळख पटत नाही. जुन्या पोथ्या, देवस्थानच्या जमाखर्चाच्या वह्या, बंद पडलेल्या मासिकांचे अंक यांची पाने स्कॅन करून जतन करावयाची असतात. डाग काढणे, वाकडे पान सरळ करणे, पुसट अक्षर उठावदार करणे, यासाठी छायाचित्र-संपादनाचे सॉफ्टवेअर लागते. फोटोशॉपचे नाव सर्वांच्या तोंडी. पण २०१३ साली ॲडोबी कंपनीने त्याच्या पुढील आवृत्त्या एकरकमी विकणे बंद केले आणि तेव्हापासून ते वर्गणीवरच मिळते. वर्गणी थकली की साधन बंद. वाचकांच्या तुटपुंज्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेने ही दुसरी वर्गणी कोठून भरावी? अशा वेळी एखादा उत्साही तरुण 'क्रॅक' केलेली प्रत पेनड्राइव्हवर घेऊन येतो, काम मार्गी लागते, आणि सभेत त्याचे आभारही मानले जातात.

'आम्ही कोठे नफा कमावतो?' हा अशा मंडळींचा ठरलेला युक्तिवाद. वकिलीच्या धंद्यात तो मी अनेकदा ऐकला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ६३-ब प्रमाणे संगणक-प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद व ५०,००० ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. वापर लाभासाठी अथवा धंद्यासाठी नसेल तर पुरेशी कारणे नमूद करून न्यायालय कैद माफ करू शकते. ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद मात्र तेथेही आहे. म्हणजे हेतू पाहून कायदा शिक्षा सौम्य करतो, कृत्याला निर्दोष म्हणत नाही. गंमत अशी की हाच कायदा ग्रंथालयांविषयी उदार आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये अशी मुभा दिली की, ज्या ग्रंथाची छापील प्रत आपल्यापाशी आहे त्याची जतनासाठी डिजिटल प्रत अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाने साठवावी. ग्रंथकाराच्या हक्काला मुरड घालून कायद्याने आपल्याला एवढे दिले; आणि ती प्रत करावयाचे हत्यार मात्र आपण चोरीचे वापरावे!

कायदा बाजूला ठेवला तरी धर्माचा प्रश्न उरतोच. महाभारताच्या शांतिपर्वात, आपद्धर्माच्या प्रकरणात, विश्वामित्राची कथा आहे. बारा वर्षांचे अवर्षण. भुकेने व्याकूळ झालेला तो ऋषी एका चांडाळाच्या झोपडीत कुत्र्याची तंगडी चोरावयास शिरतो. घरधनी जागा होतो आणि त्यालाच शास्त्र सांगू लागतो. समाजाने ज्याला वेशीबाहेर ठेवले त्याच्या तोंडी धर्माचा पक्ष घालणारा तो कवी थोरच म्हटला पाहिजे. विश्वामित्राचे म्हणणे एवढेच की, आधी जगले पाहिजे, मग धर्म आचरता येईल. पण या म्हणण्याला बळ येते ते एका गोष्टीमुळे: दारोदार हिंडूनही त्याला अन्न मिळालेले नव्हते. शेजारी अन्नछत्र उघडे असते तर हीच कथा साध्या चोरीची झाली असती.

आणि आपल्या शेजारी अन्नछत्र उघडे आहे. बर्कली येथील दोघा विद्यार्थ्यांनी १९९५ साली आरंभिलेले गिंप हे सॉफ्टवेअर छायाचित्रांची वर सांगितलेली सारी कामे करते. पत्रव्यवहार व हिशेबांसाठी लिब्रे ऑफिस २०१० पासून आहे, रेखाचित्रांसाठी इंकस्केप, छापील मराठी पान वाचून त्याचा मजकूर करून देणारे टेसरॅक्ट २००५ पासून सर्वांना खुले झाले. उणिवा आहेत. फोटोशॉपमध्ये केलेली गुंतागुंतीची फाइल गिंपमध्ये जशीच्या तशी उघडेलच असे नाही. चाररंगी छपाईच्या कामी मुद्रकाची कुरकुर ऐकावी लागते. जुन्या खिळ्यांच्या छपाईवर टेसरॅक्ट अडखळते. युनिकोडपूर्व काळातील मराठी फॉण्टांत टंकलेले लेख लिब्रे ऑफिसमध्ये अगम्य दिसतात हे खरे, पण तो फॉण्ट नसेल तर महागड्या सॉफ्टवेअरमध्येही ते तसेच दिसतात. वाचनालयाच्या नित्याच्या कामाला यांपैकी काहीही अडवत नाही. तेव्हा आपद्धर्माची सबब येथे टिकत नाही.

मात्र 'फुकट मिळाले, प्रश्न मिटला' असे म्हणणारेही मला पटत नाहीत. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ज्या चळवळीची घोषणा केली तिचा आग्रह मोफतपणाचा नसून मुक्ततेचा होता: वापरण्याची, आतील रचना अभ्यासण्याची, बदलण्याची आणि इतरांस देण्याची मोकळीक. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालय-न्यासाने १९९९ साली ग्रंथालय-व्यवस्थापनाचे एक सॉफ्टवेअर करवून घेतले व जगाला देऊन टाकले. त्याचे नाव 'कोहा'. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. पण आपल्याकडील आहेरासारखी, जिची फेड घरातल्या माणसांच्या लक्षात असते. कायद्याने असे कोणतेही देणे लागत नाही, म्हणून तर हे ऋण नीतीच्या प्रांतात येते. लिब्रे ऑफिसच्या मराठी व कोंकणी भाषांतरांत भर घालणे, आढळलेला दोष कळविणे, शेजारच्या गावच्या वाचनालयास शिकविणे, वाचलेल्या पैशातून अल्पशी देणगी पाठविणे, यांपैकी काहीतरी आपल्या आवाक्यात असतेच.

आणखी एक देणे घरातलेच आहे. नवे साधन शिकण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ जातो ग्रंथपालाचा. तुटपुंज्या वेतनावरील त्या बाईंनी रविवारी घरी बसून गिंप शिकावे, असे मंडळ गृहीत धरते. कंपनीचे न विचारता घेणे सोडले आणि कर्मचाऱ्याचे न विचारता घेणे सुरू केले, तर साधले काय? शिकण्याचे तास कामाचे तास म्हणून धरावेत आणि त्यांची तरतूद येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र खाती दाखवावी.